रोहीसळ, पाणी गोड

संगणकावरचा खेळ आमच्या घरात नवऱ्यानं आणला आणि नाद लागला मला. तो वीज खात्यात आहे. पावसाळ्यात त्याचा फोन वाजत राहतो, आणि घरी आला की त्याला फक्त झोप हवी असते. माझं अमरावतीत लग्नपत्रिकांचं दुकान आहे. मजकूर जुळवायचा, प्रूफ काढायचं, गिऱ्हाइकाला दाखवायचं, मामाचं नाव राहिलं म्हणून पुन्हा काढायचं. लग्नसराई संपली की दुकान ओस पडतं. त्या रिकाम्या महिन्यांत मी राज्य चालवायला शिकले.

खेळ असा. समोर कोरी पृथ्वी असते. थोडी माणसं घेऊन तुम्ही निघता, नदी बघून, जमीन बघून पहिलं गाव वसवता. मग शेती, रस्ते, तटबंदी, शेजारच्या राजाशी तह नाहीतर लढाई. गाव वसवलं की खेळ त्याला आपोआप नाव देतो. ही नावं खेळ करणाऱ्यांनी खऱ्या इतिहासातून आधीच वेचून ठेवलेली असतात.

लढाईत मला गोडी नव्हती, नावांत होती. दिवसभर ‘मु. पो.’च्या पुढे गावं टाइप करणाऱ्या बाईचं दुसरं काय होणार? एका खेळात सुलतानांच्या काळचा नकाशा होता. त्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एलिचपूर दिसलं आणि मी खुर्चीत सरळ झाले. माझी आत्या अचलपूरला दिलेली. तिच्या सासरच्या एका पितळी घंगाळावर अचलपूरचं हेच जुनं नाव कोरलेलं मी लहानपणी बोटानं गिरवलं होतं. दुसऱ्या खेळात एक नाव इतकं मोडलेलं होतं की ते बाळापूर आहे हे कळायला मला बरेच दिवस लागले. किल्ल्याचं चित्र आणि दोन नद्यांचा संगम यावरून शेवटी ताळा बसला. त्या दिवशी मी नवऱ्याला उठवून ते सांगितलं. तो “बरं” म्हणून परत झोपला.

पण ज्या खेळाचा मला खरा नाद होता, त्याच्या यादीत वऱ्हाड नव्हतंच. दिल्ली, आग्रा, पाटलीपुत्र, उज्जैन. यादी संपली की खेळ दुसऱ्या देशांची नावं उसनी घ्यायचा. पूर्णेसारखी दिसणारी एक नदी शोधून मी तिच्या काठी गाव वसवलं, आणि खेळानं त्याला कुठल्यातरी बर्फाळ देशातलं नाव दिलं. मी चिडले. नवरा म्हणाला, “मंग तूच कावून नाई टाकत आपली गावं?”

तसं करता येतं. खेळात भर घालणारी पुडकी लोक घरी बसून तयार करतात, त्याला मॉड म्हणतात. एका उन्हाळ्यात मी ते शिकले आणि वऱ्हाडाचं मॉड केलं. पूर्णेचं खोरं जसंच्या तसं नकाशावर काढलं. अचलपूर, बाळापूर, कारंजा, दर्यापूर, मूर्तिजापूर, धामणगाव अशी गावं भरली. प्रत्येक गावाखाली त्याची ओळख म्हणून एकदोन ओळी लिहिल्या. धामणगावाखाली कापूस आणि रेल्वे, कारंज्याखाली जुने व्यापारी, असं. दर्यापूर आणि मूर्तिजापूर यांच्यामध्ये नकाशा मोकळा राहिला. तिथं एक लहान गाव पाहिजे होतं. खरं नाव शोधायचा मला कंटाळा आला होता, म्हणून मी रचलं. टाइप केलं, रोहीसळ.

का, तर रोही आमच्याकडे हरभऱ्यात घुसतात, रस्त्यावर आडवे येतात. नीलगायीला आम्ही रोही म्हणतो. पुढचं ‘सळ’ असंच लागलं. कानाला बरं वाटलं. ओळख लिहिताना हात थांबला नाही: ‘खारपाणातलं गाव. मारुतीच्या मागं विहीर. पाणी गोड. वाकून पाहू नये.’ शेवटची ओळ कशाला लिहिली, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. खेळात थोडं गूढ असलं की मजा येते, एवढंच वाटलं असेल. पूर्णेच्या दोन्ही अंगांना जमिनीखालचं पाणी खारं असतं. त्या पट्ट्यात गोड्या पाण्याची विहीर म्हणजे मोठी गोष्ट, म्हणून मी त्या गावाला खेळातही त्याचा फायदा दिला. तिथं लोकसंख्या भरभर वाढायची.

मॉड एका संकेतस्थळावर ठेवलं. फार कोणी घेतलं नाही. मी विसरले.

पुढच्या हिवाळ्यात तिथं एक निरोप आला. मराठीत होता, एकच ओळ: ‘तुमाले रोईसळ कोणं सांगतलं?’

मी उत्तर दिलं की कोणी नाही, ते नाव मी मनानं रचलं आहे. माझा नंबर त्यांनी मागितला, मी दुकानाचा दिला. दुसऱ्याच दिवशी फोन आला. अकोल्याचे एक गृहस्थ, औद्योगिक वसाहतीत स्वतःचं लेथ मशीन चालवणारे. वयानं माझ्यापेक्षा थोडे मोठे असावेत. मशीनवर काम नसलं की तेही हाच खेळ खेळत. आवाज हळू, अगदी सभ्य. त्यांनी विचारलं की मी दर्यापूरकडची आहे का. मी हो म्हटलं, माहेर तिथलं. मग विचारलं, रोहीसळमध्ये माझं कोणी होतं का. मी पुन्हा सांगितलं की असं गाव नाहीच, मी ते टेबलावर बसून रचलं.

तेव्हा ते म्हणाले की रोईसळ त्यांच्या वडलांचं गाव. ते स्वतः जन्मायच्या आधीच उठलं. आता तिथं कोणी राहत नाही. आणि मी नकाशावर जिथं ठेवलंय, ते तिथंच आहे.

“गावाचं जाऊ द्या ताई,” ते म्हणाले. “थे वाकून पाहू नये, थे कोणं सांगतलं? आमच्या घरात लेकराले हेच म्हणतात. विहिरीपाशी, टाक्यापाशी, गच्चीवर गेलं तरी. आमच्याच घरात म्हणतात. दुसऱ्या कोणाच्या तोंडून म्या नाई आयकलं.”

फोन ठेवल्यावर मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आत बसून राहिले. बाहेर भर दुपार होती. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या.

नवऱ्याकडे उत्तर तयार होतं. तो म्हणाला, कुठल्यातरी पत्रिकेवर तू ते टाइप केलं असशील. मलाही ते पटलं, रात्री झोपही लागली. मग सकाळी लक्षात आलं की जे गाव माझ्या जन्माआधी उठलं, त्याच्या पत्त्यावर पत्रिका कोण छापेल? नवऱ्याचा एक ओळखीचा महसुलात होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, आहे, रोहीसळ बेचिराख म्हणून लागलेलं आहे. जमीन आहे, सर्वे नंबर आहेत, वस्ती नाही. बेचिराख म्हणजे राख झालेलं, असं मी आजवर समजत होते. त्यानंच सांगितलं की मूळ शब्द बेचिराग, दिवा नसलेलं.

फाल्गुनात एका रविवारी आम्ही तिथं गेलो. ते गृहस्थ अकोल्याहून मोटारसायकलवर आले, आम्ही दोघं गाडीनं. मूर्तिजापूरच्या पुढे, पूर्णा ओलांडल्यावर, ठरलेल्या फाट्यावर भेटलो. ते रुंद बांध्याचे, हातावर लोखंडाच्या किसाचे बारीक काळे डाग. माझ्याकडे ते नीट बघत नव्हते. पुढे मोटारसायकल, मागे आम्ही, असं शेतवाटेनं निघालो.

रीठ लांबूनच ओळखू आलं. उजाड गावाच्या जागेला आमच्याकडे रीठ म्हणतात. चारी बाजूंना काळं रान, हरभरा नुकताच काढलेला, आणि मधोमध पांढरट मातीचा मोठा डाग. घरांच्या भिंतींची माती ती. पावसानं बसलेली, नांगरानं सारखी झालेली, पण काळीत मिसळलेली नाही. पायाखाली खापरं करकरत होती. बारा वाजले असतील. सावली अशी कुठं नव्हती. वारा पडला होता, आणि इतक्या मोठ्या रानात एकही पाखरू बोलत नव्हतं.

मारुतीचं देऊळ मात्र होतं. लहानसं, सिमेंटचं, वर पत्रा. शेजारच्या गावातलं कोणी शनिवारी येऊन तेलवात करून जातं, असं ते म्हणाले. आम्ही चपला बाहेर सोडल्या, नमस्कार केला. मग मी देवळाच्या मागं गेले. मागं काही नव्हतं. कापलेल्या हरभऱ्याची खुंटं, एक बांध, पुढे पुन्हा रान. विहीर नाही, विहिरीची खूणही नाही.

मला इतकं हलकं वाटलं की मी हसले. नवऱ्याला हाक मारून म्हटलं, बघ, चुकलं ना सगळं. तोही हसला.

ते गृहस्थ देवळाच्या समोरच उभे होते, हात मागं बांधून. म्हणाले, “ताई, देऊळ नवं हाये. मूर्ती जुन्या जागीच हाये, पण रस्त्याकून लोकायले दिसावी म्हणून तोंड इकडे फिरवलं. गाव होतं तवा मारुतीचं तोंड तिकडे होतं. तुमी जिथं उभ्या हायेत, तिकडे.”

म्हणजे तेव्हाचं मागं, ते आताचं पुढं. आम्ही चपला सोडल्या होत्या त्याच्या पलीकडे वेड्या बाभळींचं एक गोल बेट होतं. नवरा तिकडे गेला. फांद्या बाजूला करून म्हणाला, आहे, बांधीव आहे, अर्धी बुजली आहे. आणि तो काठावर गुडघा टेकून आत बघायला वाकला.

मी कधी धावले ते मला आठवत नाही. मी त्याच्या शर्टाची कॉलर धरून त्याला मागं ओढलं आणि म्हणाले, “वाकून नको पाहू, माय. वाकून नको पाहू.”

नवरा मागं बसला, माझ्याकडे बघत. आमच्याकडे लहान लेकराला लाडानं माय म्हणतात, पण घरी मी त्याला तसं म्हणत नाही. कोणालाच म्हणत नाही. मुख्य म्हणजे तो आवाज खालच्या पट्टीतला, दमलेल्या बाईचा होता. नवऱ्यानं हे मला नंतर सांगितलं. तेव्हा तो नुसता कपडे झटकत उठला. लेथवाल्या गृहस्थांनी माझ्याकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं आणि म्हणाले, “चला, बुढ्याले भेटून जा.”

त्यांचे वडील अकोल्यात जुन्या वस्तीत राहतात, मुलासुनेबरोबर. ऐंशीच्या पुढचे, पाय गेलेले, डोकं साफ. बाहेरच्या खोलीत लोखंडी खाटेवर बसले होते. सुनेनं आम्हाला चहा दिला. मुलानं त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं की या दर्यापूरच्या, रोईसळ पाहून आल्या. त्यांनी मला जवळ खुर्ची घ्यायला लावली आणि विचारलं, कोणाची पोरगी. मी वडलांचं नाव सांगितलं. त्यांना ते ओळखीचं नव्हतं. आमच्या घरातलं कोणी कधी रोहीसळला गेलंही नव्हतं.

मग त्यांनी गाव कसं उठलं ते सांगितलं, सावकाश, मध्ये थांबत. त्या भागात गोड पाणी एवढ्या एकाच विहिरीला होतं. आसपासच्या गावांच्या बाया घागरी घेऊन तिथं येत. त्यांच्या थोरल्या भावाची मुलगी, दोन-अडीच वर्षांची, आईबरोबर विहिरीवर जायची. आई पाणी ओढायची. मुलगी काठावर पोटानं टेकून आत बघायची, तिला आपलं तोंड पाण्यात दिसायचं. त्या दिवशीही ती बघत होती. त्यानंतर त्या विहिरीचं पाणी कोणी प्यालं नाही. खारं पाणी पिऊन किती दिवस काढणार? एकेक घर उठत गेलं. कोणी मूर्तिजापूरला, कोणी अकोल्याला.

त्या मुलीची आई तेराव्यानंतर घरातून गेली. कोणाशी बोलली नाही, काही घेतलं नाही. दांडीवर तिचं लुगडं तसंच वाळत होतं. माणसांनी पूर्णेच्या काठानं लाखपुरीपर्यंत शोधलं, भोईही पाण्यात उतरवले. मग सगळे धरून चालले की ती नदीत गेली. भाऊ पुढे फार जगला नाही.

“वयनी विहिरीवून तिले हाक मारे,” म्हातारे म्हणाले, “तं आमाले घरात आयकू ये.” आणि वहिनी कशी हाक मारायची ते त्यांनी करून दाखवलं. मान थोडी वर केली आणि त्या मुलीचं नाव शेवटचं अक्षर लांबवत उच्चारलं.

मी म्हणाले, “ओ.”

मी विचार करून म्हणाले नव्हते. चहाची बशी माझ्या हातात होती. कोणी आपल्याला स्वयंपाकघरातून हाक मारावी आणि आपण हातातलं काम न थांबवता ओ द्यावी, तशी ती दिली गेली होती. ते माझं नाव नाही. माझ्या नावाशी त्याचा काही संबंधही नाही. ते नाव मी इथं लिहीत नाही.

सून दारात उभी होती, ती आत गेली. म्हाताऱ्यांनी पाणी मागितलं, घोटभर प्याले, आणि पहिल्यांदा विचारलं होतं तेच पुन्हा विचारलं, “कोणाची पोरगी मनलीस?”

परत येताना नवरा गाडी चालवत होता. त्याला आता कुठलंच उत्तर सुचत नव्हतं, आणि मला त्याच्या उत्तरांची किती सवय होती ते त्या रस्त्यावर कळलं. आठवडाभर मी दुकानात जाऊन नुसती बसत होते. कोणी मागून बोललं की दचकायचे. कुठूनतरी तीच हाक येईल आणि मी पुन्हा ओ देईन, याची मला भीती वाटत होती.

पुढच्या रविवारी मी आईकडे गेले. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. वडील गेल्यावर दर्यापूरच्या घरात एकटी राहते. ओसरीवर बसून तूर निवडत होती. मी तिला रीठाचं, विहिरीचं, म्हाताऱ्यांचं काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, लहानपणी मला कोणी दुसऱ्या नावानं हाक मारायचं का.

आईनं सुपातून मान वर न करता ते नाव सांगितलं.

मग मान वर केली. “काहून?” तिनं विचारलं. “तुले आठवते?”

आईनं जे सांगितलं ते असं. माझ्या वेळी बाळंतिणीला न्हाऊ घालायला, बाळाला तेल लावायला एक बाई यायची. चाळिशीची असेल, एकटी. बाजाराजवळ एका खोलीत राहायची. कुठली, विचारलं तर म्हणे, “नाई राह्यलं आता थे गाव.” आईची रजा संपल्यावर मला दिवसभर सांभाळायला तीच राहिली. मोठ्या माणसांशी ती कामापुरतं बोलायची. मला मांडीवर घेऊन मात्र तिचं बोलणं अखंड चालायचं. आई शाळेतून आली की अंगणातून तो आवाज ऐकायची, आणि आईची चाहूल लागली की तो थांबायचा. काय बोलायची ते आईला कधी कळलं नाही. पाण्याच्या रांजणाचं झाकण ती दिवसा दोरानं बांधून ठेवायची, आणि मला उचलून गल्लीच्या टोकाला नेऊन दक्षिणेकडे बोट दाखवत उभी राहायची.

आणि ती मला त्या नावानं हाक मारायची. शेजारणींनी आईला सांगितलं की हे बरं नाही, बंद कर.

“मग तू काही म्हटलं नाहीस?” मी विचारलं.

“काय म्हणू?” आई म्हणाली. “तू तिले ओ देऊन राहिली होती.”

मी बालवाडीत जायला लागले तेव्हा ती गेली. सांगून गेली, मोझरीच्या आश्रमात सेवेला राहते म्हणून. आई बऱ्याच वर्षांनी दर्शनाला गेली होती, तेव्हा ती तिथं भाकरी थापत बसलेली दिसली. ओळखलं, माझी चौकशी केली. नंतर कधीतरी कोणाकडून कळलं की ती वारली.

तर माझ्या मॉडमधल्या एका गावाचं मूळ हे असं निघालं. पण ते पुरतं सापडलं असं मला आजही वाटत नाही. नाव कानावर पडलं असेल, वाकून पाहू नये हे तर रोजच पडलं असेल, गोड पाणीही. दक्षिणेकडे दाखवलेल्या बोटावरून दिशा कळली असेल. पण त्या बोटाच्या टोकाला नेमकी जागा कुठं ते एवढ्याशा लेकराला कोण दाखवणार? आणि नवऱ्याला मागं ओढताना जो आवाज माझ्या तोंडून आला, तो माझ्यात इतकी वर्षं कुठं होता? नवरा म्हणतो, असू दे. त्याचं म्हणणं मी मानते, कारण दुसरं काही हातात नाही.

मी अकोल्याला फोन केला आणि लेथवाल्या गृहस्थांना सांगितलं की हे फोनवर सांगण्यासारखं नाही, मी येते. म्हाताऱ्यांच्या खाटेजवळ बसून मी आईनं सांगितलेलं सगळं सांगितलं. त्यांना नीट ऐकू जावं म्हणून मोठ्यानं, वाक्यावाक्याला थांबून. शेवटी ते म्हणाले, “म्हंजे थे जगली.”

मी हो म्हटलं.

“मोझरीले?”

मी हो म्हटलं. ते स्वतः पाय जाईपर्यंत दरवर्षी मोझरीला जात असत, पंगतीत बसून जेवत असत. त्यांचा मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. म्हातारे आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. “मंग तिच्या हातची भाकर म्या खाल्ली असन,” ते म्हणाले. “वाढाले आली असन अन् म्या वर नाई पाह्यलं.”

भाद्रपदात त्यांच्या सुनेचा फोन आला, सर्वपित्रीला जेवायला या, आईंनाही आणा. पितृपक्षात अपघातानं, घातानं गेलेल्यांचं चतुर्दशीला करतात. इतकी वर्षं त्यांच्या घरी मोठ्या वहिनीचं पान चतुर्दशीला वाढलं जात होतं, नदीत गेली म्हणून. म्हाताऱ्यांनी या वर्षी सांगितलं की चतुर्दशीला फक्त त्या पोरीचं पान. वहिनी तिच्या मरणानं मेली, तिथी माहीत नाही, तिचं पान अमावस्येला वाढा.

आई आली. मला वाटलं होतं ती संकोचेल, पण खाटेजवळच्या खुर्चीवर बसल्यावर ती तासभर बोलत होती. ती बाई कशी दिसायची, कुठल्या काठाचं पातळ नेसायची, तेल कसं कोमट करायची, पगाराचे पैसे न मोजता कमरेला कसे खोचायची. म्हातारे मान हलवत होते, ओळख पटत असल्यासारखे. मीही ऐकत होते. पण दिवसभर जिच्या मांडीवर मी असायचे, तिच्याबद्दल मला काहीही आठवत नव्हतं. चेहरा नाही, हात नाहीत.

जेवणं झाल्यावर म्हाताऱ्यांनी आईला विचारलं, “हासे का थे?”

आईनं थोडा विचार केला. “पोरीसंग हासे,” ती म्हणाली. “आमच्यासंग नाई.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मी फार वेळ सहन करू शकले नाही. मी उठून ताटं उचलायला आत गेले.

परतताना गाडीत आम्ही दोघीच होतो. मूर्तिजापूर मागं पडलं, कपाशी दोन्ही बाजूंना कमरेएवढी झाली होती. आई बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, तिला एकदा तरी नीट विचारायला पाहिजे होतं, गाव कोणतं, कोण होतं घरी. मी म्हटलं, तिनं सांगितलं नसतं. आई म्हणाली, तरी विचारायला पाहिजे होतं.

पूर्णेच्या पुलाच्या अलीकडे तिनं विचारलं, “आता कोणी थ्या नावानं हाक मारली, तं देशीन का ओ?”

मी खरं ते सांगितलं, मला माहीत नाही.

आई माझ्याकडे वळली. ती हाक मारून बघणार असं मला वाटलं. तिचे ओठही हलले. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. पूल सुरू झाला, खाली गढूळ पाणी भरून वाहत होतं. आई पुन्हा काचेकडे तोंड करून बसली, ती पूल संपेपर्यंत.